पाच सूत

बंदराकडची भिंत काढली त्या सकाळी
जुन्या जमिनीवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा मधोमध थांबेचना.
पोर्ट चाल्मर्सच्या चढावरचं घर,
शंभरावर हिवाळे उतरणीला टेकून बसलेलं,
त्याला सरळ बस म्हणणारा मी कोण?

चूक माझीच.
मी माप घेतलं होतं स्वैपाकघराच्या दारातून,
जिथे जमीन अजून शहाणी होती.
नव्या खोलीच्या तुळया त्या मापाने टाकल्या,
गुण्यात, ओळंब्यात, कुणीही यावं आणि तपासावं.
आणि सांध्यापाशी जुनी जमीन निघाली
पाच सूत खाली.

फेतू म्हणाला, उंबरा ठोकू.
आडवी पट्टी, दोन्हीकडून तासलेली,
अर्ध्या तासाचं काम, सगळे तेच करतात.
इसोबेलबाई चहाचे मग घेऊन उभ्या होत्या.
उंबरा नको, म्हणाल्या.
युअनची खुर्ची अडेल.

युअन म्हणजे भाऊ.
एकोणीस वर्षं पर्थला. पत्र नाही, फोन नाही.
का, ते मी विचारलं नाही,
सुताराने लाकडाबद्दल विचारावं.

मग जुनी जमीन उचलून घेऊ का? खाली पाचरी देऊन?
तेही नको.
त्यांनी बटणांच्या डब्यातून एक गोटी काढली,
हिरवी, एका बाजूने टवका उडालेली,
आणि दारापाशी सोडली.
गोटी आधी विचार केल्यासारखी थांबली,
मग निघाली. जिथे भिंत होती तिथवर आली
आणि माझ्या बुटाला लागली.
'तिथे तो बसायचा,' त्या म्हणाल्या,
'मी सोडायचे, तो धरायचा.
परत मात्र हातानेच आणून द्यावी लागायची.'

भिंतीखाली चार बोटं रुंदीची पट्टी सापडली,
जिच्यावर कधी कुणी चाललं नव्हतं.
ऊन नाही, मेण नाही, खुर्चीचा ओरखडा नाही.
बाकीची जमीन काळ्या चहासारखी
आणि ही फिकी, गुलाबीसर,
आत्ताच रंध्याखालून आल्यासारखी.
नव्या खोलीसाठी फळ्या आणल्या होत्या
ओमारूच्या पाडलेल्या शाळेतून; त्याच त्या रिमूच्या,
पण व्यायामशाळेत पोरांनी तुडवलेल्या.
एकीवर बॅडमिंटनची निळी रेघ होती अजून.
म्हणजे नव्या खोलीत म्हातारं लाकूड,
आणि जुन्या घरात सगळ्यात कोवळं.
फेतू हसला. मी पण.

तीन दिवस तुळया तासल्या.
सांध्याकडे पाच सूत, मग चार, मग तीन,
वावभर पुढे दोन,
खिडकीशी पोचेपर्यंत शून्य.
गुडघे बोलायला लागले.
फळ्या एकाआड एक आत घेतल्या,
जुनीची खाच, नवीची जीभ,
एकही सांधा दुसऱ्याच्या शेजारी नाही.
निळ्या रेघेची फळी बाई म्हणाल्या तिथे, पलंगाशी.

शेवटच्या संध्याकाळी पुन्हा ती गोटी.
दारातून निघाली, सवयीने,
नव्या जमिनीवर हातभर चढली,
दमली, मागे आली,
आणि सांध्यावर थांबली.
बाईंनी ती उचलली नाही.

पैसे देताना त्यांना सांगितलं,
जुलैत हीटर लावाल तेव्हा
इथे केसाएवढी फट पडेल.
भरू नका.
भरलीत तर पावसाळी हवेत फळ्या फुगतील,
जागा मिळणार नाही,
एकमेकींना रेटून उचलून येतील.
'म्हणजे भांडतील,' त्या म्हणाल्या.
म्हटलं, हो, तसंच काहीसं.

युअन आला त्या दिवशी
मी नळीवरचं एक झाकण बसवायला गेलो होतो.
चाकं सांध्यावरून गेली, आवाज न करता.
तो काही बोलला नाही, खाली पाहिलंही नाही.
खिडकीपाशी जाऊन म्हणाला,
'इथे गार लागतं, इझी.'
त्या म्हणाल्या, 'पहिल्यापासूनच लागतं.'
आणि शाल आणायला
जुन्या घरात गेल्या.